खोताच्या नावाची शाळा: नाव बदलावं का, आणि बदलायचं तर कागद कसे सांभाळावे?

खाडीपट्टा (धागाकर्ता)

खाडीपट्ट्यातल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेच्या नावावरून गावात आणि गावच्या मुंबईकरांच्या मंडळात वाद चालू आहे. शाळेला गावच्या शेवटच्या खोतांचं (गावचा सारा गोळा करून सरकारला भरणाऱ्या वतनदारांचं) नाव आहे. खोती गेल्यावर काही वर्षांतच त्यांच्या घराण्याने बक्षीसपत्राने जमीन दिली. वाड्यांतल्या तरुणांचं म्हणणं असं, की ज्याच्या शेतावर आमच्या पणज्यांनी वेठ केली त्याचं नाव आमच्या दाखल्यावर नको. दुसरी बाजू म्हणते, जमीन मिळाली नसती तर हायस्कूलच झालं नसतं. गावाचं आणि शाळेचं नाव मुद्दाम देत नाही, कारण दोन्हीकडची माणसं इथे वाचतात.

प्रश्न दोन आहेत. नाव बदलावं की नाही, हे कशाच्या आधारावर ठरवायचं? आणि ठरलंच, तर कुठे काय अडतं? भावनेवर भरपूर बोलून झालंय. ज्यांना दप्तर, विश्वस्त कायदा किंवा शाळेचं कामकाज माहीत आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

दप्तरखाना

सगळे खोत एका मापाने मोजू नका, आणि सोडूही नका. कागद बघा.

बऱ्याच गावांत खोती भाऊबंदांत वाटलेली असे. एकेका वर्षी एकेका तक्षीमदाराची (वाटेकऱ्याची) पाळी येई. ज्याची पाळी तो त्या वर्षाचा वहिवाटदार खोत, सरकारला कबुलायत (सारा भरण्याची लेखी हमी) लिहून देणारा. त्यामुळे पाटीवर ज्यांचं नाव आहे ते स्वतः वहिवाट करत होते की नुसते तक्षीमदार होते, हा पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न कुळांकडून काय घेतलं जाई. बोटखतात (कुळांच्या जुन्या नोंदींच्या कागदात) कुळाचं नाव, जमीन आणि देण्याचा प्रकार मिळतो: रोख, अर्धेल (पिकाचा अर्धा वाटा) की तिर्धेल (तिसरा वाटा). तिसरं, थकबाकीपोटी कुळांवर लावलेले दावे आणि जप्त्या. तिथे माणूस खरा दिसतो. त्याच गावात दोन भाऊ खोत असतील, एकाचे दाव्यांचे गठ्ठे आणि दुसऱ्याचा एकही नाही, असं असू शकतं.

शोधायचं कुठे? तहसीलचा अभिलेख कक्ष, भूमी अभिलेख उपअधीक्षकांचं कार्यालय, जिल्हाधिकारी कार्यालय आणि मुंबईचं पुराभिलेखागार. सिंधुदुर्गातलं गाव असेल तर १ मे १९८१ च्या आधीचं सगळं 'जि. रत्नागिरी' खाली शोधा. रायगडचं असेल तर 'कुलाबा' खाली. नकलेच्या अर्जात आजचा सर्व्हे नंबर टाकला की "आढळ होत नाही" असा शेरा येतो आणि लोक तिथेच थांबतात. जुना नंबर आधी काढून घ्या, मग अर्ज करा. बराचसा मजकूर मोडीत असणार.

निकष हवे असतील तर येल विद्यापीठाचे वापरण्यासारखे आहेत. गुलामगिरीचा कट्टर समर्थक असलेल्या कॅल्हूनचं नाव एका निवासी महाविद्यालयाला होतं. २०१६ साली त्यांनी आधी नामांतराची तत्त्वं ठरवणारी समिती नेमली, २०१७ साली नाव बदलून संगणकशास्त्रज्ञ ग्रेस हॉपर यांचं दिलं. समितीचे प्रश्न साधारण असे: त्या माणसाच्या आयुष्यातलं मुख्य काम कोणतं? त्याच्याच काळात त्या कामाला विरोध झाला होता का? संस्थेने नाव दिलं ते कशासाठी? आणि ज्या इमारतीला नाव आहे तिचं लोकांच्या एकत्र जगण्यात स्थान किती? हे प्रश्न लोकमान्यांना लावून बघा. 'केसरी'तून त्यांनी खोतांची बाजू मांडली होती, पण त्यांचं मुख्य काम ते नव्हे, आणि शाळांना त्यांचं नाव दिलं ते त्यासाठी नव्हे. तेच प्रश्न गावच्या खोताला लावले की उत्तर इतकं सरळ येत नाही.

वाडीवरची

दप्तरखाना, तुमचा आदर ठेवूनच विरोध करते.

एकेका खोताचा जुलूम सिद्ध करायची जबाबदारी कुळांच्या नातवंडांवर का? दप्तर कोणी लिहिलं? वेठीची पावती कोणी दिली नाही. आठवेठ म्हणजे आठ दिवसांतला एक दिवस खोताच्या कामाला, तोही नेमका लावणीच्या वेळी, जेव्हा स्वतःच्या खाचरात पाणी उभं आहे आणि रोपं पिवळी पडतायत. उशिरा लावलेल्या भाताला फुटवे कमी येतात, म्हणजे एका दिवसाच्या वेठीची किंमत त्या दिवसाच्या मजुरीपेक्षा किती तरी जास्त होती. बोटखतात यातलं काहीच येत नाही.

"त्याच्याच काळात विरोध झाला होता का" या प्रश्नाचं उत्तर तर कोकणाइतकं स्पष्ट कुठेच नाही. अलिबागजवळच्या चरी गावचा कुळांचा संप १९३३ साली सुरू झाला आणि १९३९ पर्यंत चालला, शेतकरी नेते नारायण नागू पाटलांच्या पुढाकाराने. कुळांनी जमिनी पडीक ठेवल्या, उपासमार सोसली. १७ सप्टेंबर १९३७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं. १० जानेवारी १९३८ ला कोकणातले शेतकरी मुंबईत विधिमंडळावर मोर्चा घेऊन गेले. त्यानंतर १९४९ चा खोती निर्मूलन कायदा. तेव्हा "त्या काळी असंच होतं" हे वाक्य कोकणात कोणी वापरू नये. त्या काळीच माणसं नको म्हणून उभी राहिली होती.

आणि एक विचारते. जमीन खोतांनी दिली, मान्य. जांभ्याचे चिरे खाणीतून डोक्यावर कोणी आणले? पाया कोणी खणला? संस्थेच्या पहिल्या इतिवृत्ताच्या वहीत श्रमदानाची नोंद असेलच. कोणती वाडी, किती माणसं. ती पानं वाचा आणि मग ठरवा, नाव कोणाचं असायला हवं होतं.

दप्तरखाना

वाडीवरची ताई, लावणीचा मुद्दा पूर्ण मान्य, इतिवृत्ताचाही. माझा आग्रह पुराव्यासाठी आहे तो नाव वाचवायला नाही. पुराव्याशिवाय बदललेलं नाव टिकत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या शिक्षण मंडळाने जानेवारी २०२१ मध्ये एकदम ४४ शाळांची नावं बदलायचा ठराव केला. त्यात लिंकनही होते. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या पॉल रिव्हीअरच्या बाबतीत १७७९ ची पेनॉब्स्कॉट मोहीम ब्रिटिशांविरुद्ध होती, ती नावं तपासणाऱ्या समितीने तिथल्या मूलनिवासींच्या जमिनी बळकावण्याशी जोडली. एकाही इतिहासकाराला विचारलं नव्हतं. एप्रिलमध्ये ठराव मागे घ्यावा लागला, आणि ज्या नावांवर खरोखर आक्षेप होता तीही त्यात वाचली. व्हर्जिनियातल्या शेनान्डोआ परगण्यात २०२० साली दोन शाळांवरची अमेरिकी यादवी युद्धातल्या दक्षिणेच्या बाजूच्या सेनापतींची नावं काढली. मे २०२४ मध्ये नव्या मंडळाने तीच परत लावली. चार वर्षांत दोनदा पाट्या, दोनदा शिक्के, आणि मधल्या मुलांच्या कागदांवर वेगळंच नाव.

कलम२२

कायद्याची बाजू. यात घोळ होतो तो शाळेचं नाव आणि संस्थेचं नाव एकच समजल्यामुळे. आधी विश्वस्त नोंदणीचा शेड्यूल १ चा उतारा आणि संस्थेची घटना काढा.

संस्थेचं नाव वेगळं आणि शाळेचं वेगळं असेल, तर शाळेचं नाव बदलणं तुलनेने सोपं. घटनेच्या उद्देशांत शाळेचं नाव लिहिलेलं असेल तर मात्र घटनादुरुस्ती लागते. संस्थेच्याच नावात खोतांचं नाव असेल तर काम दुप्पट: १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखाली नावबदल, मग महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ खाली बदल अर्ज, तो ९० दिवसांच्या आत, आणि त्यानंतर पॅन, बँक, ८०जी (देणगीदारांच्या करसवलतीची नोंदणी).

बदल अर्ज अडकतात ते जवळजवळ नेहमी सभेच्या नोटिशीवर. कोकणातल्या संस्थांचे निम्मे सभासद मुंबईला, पत्ते गिरण्यांच्या काळातले, चाळी पडून टॉवर झालेत. कितीतरी सभासद वारले, यादीत नावं तशीच. एकाने हरकत घेतली की "मला नोटीस मिळाली नाही", आणि प्रकरण वर्षानुवर्षं तारखांवर जातं. म्हणून आधी सभासद यादी दुरुस्त करा. नोटीस नोंदणीसह स्पीड पोस्टाने, पोचपावती घेऊन पाठवा. घटनेत जितके दिवस सांगितलेत त्यापेक्षा आठवडाभर जास्तच द्या, आणि परत आलेली पाकिटं न फोडता ठेवा, तोच पुरावा. विषयपत्रिकेवर "शाळेच्या नावात बदल" असं स्पष्ट लिहा. "आयत्या वेळचे विषय" खाली केलेला ठराव टिकणार नाही. सभा मे महिन्यात किंवा गणपतीत ठेवा, चाकरमानी गावात असतात.

आधीच्या विश्वस्त निवडीचे बदल अर्ज प्रलंबित असतील तर ते पहिल्यांदा निकाली काढा. नाहीतर पहिलीच हरकत येते की ठराव करणारे विश्वस्तच नोंदीवर नाहीत.

आता बक्षीसपत्र. यात तीन गोष्टी वाचा. ते नोंदवलेलं आहे का? स्थावराचं बक्षीस नोंदणी आणि दोन साक्षीदार यांशिवाय होत नाही. नाव देण्याबद्दलचं वाक्य "अशी इच्छा आहे" असं आहे की "या अटीवर" असं? आणि अट मोडल्यास जमीन घराण्याकडे परत जाईल असं कलम आहे का? निव्वळ इच्छा असेल तर वारसांना फारसं करता येत नाही. अट आणि परतीचं कलम दोन्ही असतील तर मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १२६ (बक्षीस कधी रद्द होऊ शकतं ते सांगणारं) पुढे येतं, आणि तेव्हा घराण्याशी लेखी समजुतीशिवाय एक पाऊलही टाकू नका. मैदानासकट शाळा दाव्यात जाईल.

सातबाराही बघा. कितीतरी शाळांच्या जागेवर अजून घराण्यातल्या चौदा-पंधरा जणांची सामायिक नावं आहेत, बक्षीसपत्राचा फेरफार कधी घातलाच नाही. नावाचा वाद उकरण्याआधी हा फेरफार करून घ्या. वाद पेटल्यावर सही द्यायला कोणी येत नाही.

गाबीतवाडा

माका वाटता, नावाआधी पोरां मोजा. पट घसरलो तर पाटी खंय लावतलास?

गंभीरपणेच लिहितोय. गावात दोन तट पडले की एक तट मुलांची नावं काढून दुसऱ्या हायस्कूलला घालतो, आणि दहा-पंधरा मुलं कमी झाली की संचमान्यतेत (पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात) एक शिक्षक जातो. नाव बदला की ठेवा, पण ३० सप्टेंबरच्या पटाआधी गाव फुटू देऊ नका.

शाळाकारकून

गाबीतवाडा दादांनी संचमान्यता काढलीच आहे तर शाळेच्या टेबलावरून काय दिसतं ते लिहिते.

प्रस्ताव शिक्षणाधिकारी (माध्यमिक) यांच्यामार्फत वर पाठवायचा. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गचे शिक्षण उपसंचालक कोल्हापूरला, दहावीचं कोकण विभागीय मंडळ रत्नागिरीला. रायगडची शाळा असेल तर दोन्ही मुंबईकडे. प्रस्तावाच्या पहिल्याच परिच्छेदात लिहा: "बदल फक्त नावात आहे. व्यवस्थापन, ठिकाण, माध्यम, तुकड्या, अनुदानाची टक्केवारी आणि युडायस क्रमांक पूर्वीचेच आहेत." (युडायस म्हणजे शाळेचा सरकारी ओळख क्रमांक.) हे वाक्य नसेल तर कोणी तरी टेबलावर ती फाइल नवी शाळा किंवा हस्तांतरण म्हणून हाताळतं आणि अनुदानाबद्दल विचारणा सुरू होते. सोबत सभेचा ठराव, नोटिशीची प्रत, शेड्यूल १, पहिली मान्यता, शेवटची संचमान्यता, बक्षीसपत्राची नक्कल आणि शाळा व्यवस्थापन समितीचं मत.

युडायस ११ अंकी असतो, आपल्या राज्याचा २७ ने सुरू होतो, नाव बदललं तरी तोच राहायला हवा. मंडळाचा शाळा क्रमांकही तोच. आदेश हातात आल्यावर क्रम असा ठेवा: आधी युडायसवर नाव, मग सरल (विद्यार्थ्यांच्या नोंदींची प्रणाली), मग शालार्थ (पगाराची प्रणाली) आणि कोषागार, मग बँक खाती, शेवटी मंडळ. शालार्थवर एक नाव आणि बँकेत दुसरं असं एक महिना जरी राहिलं तरी पगारबिलावर आक्षेप येतो. दहावीचे अर्ज साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात भरले जातात, त्यानंतर नाव बदललं तर प्रवेशपत्रावर जुनं नाव आणि दाखल्यावर नवं. म्हणून आदेश वर्षाच्या मध्ये आला तरी अंमल पुढच्या जूनपासून असा ठराव आधीच करून ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं जनरल रजिस्टर, म्हणजे विद्यार्थ्यांच्या प्रवेशाची मूळ नोंदवही. जुन्या रजिस्टरात एकही अक्षर खोडायचं नाही, मुखपृष्ठावरही नवं नाव चिकटवायचं नाही. नव्या नावाने नवं रजिस्टर सुरू करा, नोंदणी क्रमांक मागचाच पुढे चालू ठेवा. नवीन रजिस्टरच्या पहिल्या पानावर पूर्वीचं नाव, आदेश क्रमांक आणि दिनांक. जुन्या विद्यार्थ्याला दाखल्याची दुसरी प्रत देताना नव्या नावाखाली "पूर्वीचे नाव" अशी ओळ टाका आणि आदेश क्रमांक द्या.

हे एवढं का सांगते? जात पडताळणीला इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०. तो पुरावा बहुतेक वेळा आजोबांच्या शाळेच्या रजिस्टरचा उतारा असतो. दक्षता पथक शाळेत येऊन मूळ रजिस्टर बघतं. नावांची साखळी तुटली तर "ही शाळा तीच कशावरून" इथे प्रकरण अडतं. कुणबी, आगरी, भंडारी, गाबीत, महार, चांभार मुलांचीच यात अडवणूक होईल, म्हणजे ज्यांच्यासाठी नाव बदलायचं त्यांचीच. जिल्ह्याचं नाव कुलाब्याचं रायगड झालं हे प्रत्येक कचेरीला ठाऊक आहे. एका हायस्कूलचं नाव बदललं हे आदेशाची प्रत दाखवल्याशिवाय कोणालाच ठाऊक नसतं. त्या आदेशाच्या वीस-पंचवीस साक्षांकित प्रती काढून कपाटात ठेवा.

वाडीवरची

शाळाकारकून ताई, हे ठरावातच घालायला हवं. "जुनी रजिस्टरं मूळ स्थितीत जतन करावीत आणि नावांच्या साखळीचा दाखला विनामूल्य द्यावा." नाव बदलण्याच्या मागणीतलं हे पहिलं कलम व्हावं.

परळचा_चाकरमानी

नामविस्ताराचा, म्हणजे जुनं नाव ठेवून त्याला नवं जोडण्याचा, विचार झालाय का? मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात १९७८ ला झाला, प्रत्यक्ष नाव आलं १४ जानेवारी १९९४ ला, तेही नामविस्तार म्हणून. मधल्या सोळा वर्षांत दलित वस्त्या जळल्या, माणसं मारली गेली. आपल्या दापोलीचं कृषी विद्यापीठही नाव वाढवूनच डॉ. बाळासाहेब सावंतांचं झालं, 'कोकण' शब्द राहिला. इथेही खोतांचं नाव ठेवून पुढे गावाचं किंवा श्रमदान करणाऱ्यांचं जोडता येईल.

वाडीवरची

दादा, विद्यापीठात 'मराठवाडा' ठेवलं ते प्रदेशाचं नाव होतं, त्यावर कोणाचा आक्षेप नव्हता. इथे आक्षेप ज्या नावावर आहे तेच पुढे ठेवून मागे शेपूट जोडायचं म्हणता. लांब नाव कोणी घेत नाही, एसटीचा कंडक्टर पहिलाच शब्द पुकारणार. दापोलीचं ए. जी. हायस्कूल घ्या. आल्फ्रेड गॅडने यांच्याबद्दल तक्रार नाही, पण आद्याक्षरांमागे कोण आहे हे आज किती मुलं सांगतील? विस्तार करायचाच तर उलटा करा: शाळेला गावाचं नाव, आणि जमीन देणाऱ्या घराण्याचं नाव सभागृहाला.

जांभादगड

सभागृहाची सूचना मला पटते, आणि बक्षीसपत्रात "इच्छा" असेल तर घराण्याशी बोलायला तीच जागा आहे. एक लक्षात घ्या, दात्याचं नाव पुसलं जातं असं दिसलं की पुढचा दाता बिचकतो. सर जमशेटजी जीजीभाईंच्या संपत्तीत चीनच्या अफूच्या व्यापाराचा वाटा मोठा होता, हे सर्वश्रुत आहे. तरी जे. जे. रुग्णालयाचं आणि कलाशाळेचं नाव कोणी बदला म्हणत नाही, कारण तिथे नाव आहे ते दानासाठी. माझ्या मते दान आणि सत्ता यांतला फरक इथे बघायला हवा. चीनमधल्या अफूबाजाची नातवंडं जे.जे.त शिकत नाहीत, पण कुळांची नातवंडं या शाळेत शिकतात. म्हणून मी शेवटी वाडीवरची ताईंच्या बाजूला आहे, पण दानाची नोंद दारातच असावी.

नोंद म्हणजे पाटी, तर पाटीबद्दल. रंगवलेला लोखंडी पत्रा खाडीकाठी दोन पावसाळ्यांत फुगतो, खिळ्यांच्या भोवतीपासून गंज चढतो. काळ्या ग्रॅनाइटवर कोरून घ्या, १८ ते २० मिलिमीटर जाडीचा. जांभ्याच्या भिंतीत थेट खुंट्या ठोकू नका, चिरा पोकळ असतो, पकड सुटते. आधी सिमेंट-काँक्रीटची चौकट भरून घ्या, खुंट्या स्टेनलेसच्या ३१६ प्रतीच्या. साधं २०२ स्टील खाऱ्या वाऱ्यात डाग सोडतं. मजकूर ६०-७० शब्दांपुढे नको. नमुना देतो:

"या शाळेची जमीन गावच्या खोत घराण्याने बक्षीस दिली. त्याआधी गावची खोती याच घराण्याकडे होती. कुळे अर्धेलीने जमीन कसत आणि वेठ देत. १९४९ च्या कायद्याने खोती संपली. शाळेची पहिली इमारत सर्व वाड्यांच्या श्रमदानातून उभी राहिली. पूर्वी शाळेला या घराण्यातील व्यक्तीचे नाव होते. ग्रामस्थांच्या ठरावाने ते बदलले."

श्रमदानाचं वाक्य इतिवृत्तात सापडलं तरच ठेवा. विशेषण एकही नाही, म्हणून दोन्ही बाजू यावर सह्या करतील अशी आशा आहे.

कलम२२

मजकूर चांगला आहे. तो ठरावाला परिशिष्ट म्हणून जोडा, म्हणजे पुढच्या कार्यकारिणीला परस्पर बदलता येणार नाही. आणि हायस्कूलऐवजी जिल्हा परिषदेची शाळा असणाऱ्यांनी लक्षात घ्या, त्यांचा मार्ग वेगळा आहे: व्यवस्थापन समितीचा ठराव, ग्रामसभा आणि मग जिल्हा परिषद. ग्रामसभेची गणपूर्ती एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांत जे कमी ते. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही हे खरं, पण अशा विषयावर तहकूब सभेत पंचवीस माणसांनी ठराव करू नका. कायद्याने चालेल, गावात चालणार नाही.

खाडीपट्टा (धागाकर्ता)

सगळ्यांचे मनापासून आभार. बक्षीसपत्राची नक्कल दुय्यम निबंधकांकडून मिळाली. नावाचं वाक्य "इच्छा आहे" असंच आहे, परतीचं कलम नाही. फेरफार मात्र खरोखरच घातलेला नाही, तेव्हा आधी तो. घराण्यातल्या दोघांशी बोलणं सुरू झालंय, सभागृहाच्या सूचनेला त्यांनी लगेच नकार दिला नाही. इतिवृत्ताची पहिली वही सापडली, पण सुरुवातीची काही पानं मोडीत आहेत आणि वाळवीने कडा खाल्ल्यात. ती वाचून घेताना काय काळजी घ्यावी?

दप्तरखाना

वही उन्हात ठेवू नका आणि पानांना चिकटपट्टी लावू नका, दोन्हीने कागद तुटतो. प्रत्येक पानाचा फोटो वरून सरळ, खिडकीच्या उजेडात, फ्लॅशशिवाय, पानाशेजारी पट्टी ठेवून काढा. लिप्यंतर दोन वेगवेगळ्या मोडी वाचकांकडून करून घ्या, एकाचं दुसऱ्याला न दाखवता. नावं, आडनावं आणि आकडे जिथे जुळत नाहीत तिथे दोन्ही वाचनं द्या, अंदाजाने एक निवडू नका. खाल्लेली जागा चौकोनी कंसात रिकामी सोडा. श्रमदानाच्या यादीत वाड्यांची नावं त्या काळच्या जातिवाचक रूपात असतील. लिप्यंतरात ती जशीच्या तशी ठेवा, आणि पाटीसाठी आजची नावं वापरा.